असल लावणीचा निवाडा

लावणीला दोन सम्राज्ञी होत्या आणि दोघींचे जग एकमेकींपासून पार वेगळे होते. सुलोचना चव्हाण मुंबईच्या गिरगावात वाढल्या. मराठी चित्रपटांतल्या ठसकेबाज लावण्यांचा आवाज म्हणजे सुलोचनाबाई. पण कार्यक्रमात त्या अंगभर पदर घेऊन मायक्रोफोनसमोर उभ्या राहायच्या, आणि गाणे संपेपर्यंत त्यांच्या हातापायांची फारशी हालचाल होत नसे. दुसऱ्या यमुनाबाई वाईकर, सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या, कोल्हाटी समाजातल्या. 'यमुना-हिरा-तारा' या नावाने त्यांची पार्टी ओळखली जाई. त्यांची लावणी बैठकीची. ती बसून गायची, आणि गाता गाता डोळे, भुवया, मान, बोटे यांनी तिचा अर्थ उलगडत न्यायचा. १९७५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हा वयाची शंभरी ओलांडली होती. सुलोचनाबाईंना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याही गेल्या.

दोघींनाही लोक 'लावणीसम्राज्ञी' म्हणत. मग असल लावणी कोणाची? हा प्रश्न एखाद्या जाणकाराला विचारून पाहा. उत्तर लगेच मिळेल, आणि ते शेजारी बसलेल्या दुसऱ्या जाणकाराला पटणार नाही.

त्याचे कारण असे की आपण ज्याला सरसकट लावणी म्हणतो ती निदान तीन घरांत वेगवेगळी वाढली. पहिले घर ढोलकीच्या फडाचे. हा फड गावोगाव फिरतो, जत्रेच्या मैदानात कनात ठोकतो. सुरुवातीला गण, मग कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणींची गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि मंजिरी ही वाद्ये. मागे उभे राहून जी जी ओढणारे सुरते किंवा झीलकरी. इथे लावणी हा खेळाचा एक भाग असतो, पूर्ण खेळ नव्हे.

दुसरे घर संगीतबारीचे. इथे वग नाही, सोंगाड्या नाही. पार्टी बाईच्या नावाने चालते. ढोलकीच्या जोडीला तबला आणि पेटी असते. रसिक समोर बसून फर्माईश करतो, आणि पैसे हातात धरून एकेका ओळीवर दौलतजादा होते. बैठकीची लावणी या घरात फुलली. एकच ओळ दहा वेळा गायची आणि दहाही वेळा तिचा वेगळा भाव दाखवायचा, हे तिचे खरे कसब. ठुमरी ऐकणाऱ्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते, कारण रागदारीशी तिचे नाते जवळचे आहे.

तिसऱ्या घराची आठवण शहरातल्या वाचकाला बहुधा नसते. सातारा-सांगलीकडच्या गावांत कलगी-तुऱ्याचे शाहीर डफ-तुणतुणे घेऊन रात्ररात्र समोरासमोर बसत. तुरेवाले शिवाला थोर म्हणणार, कलगीवाले शक्तीला. एकाने पुराणातला भेद घालायचा आणि दुसऱ्याने तो सोडवायचा. हे जे गातात तीही लावणीच, भेदिक लावणी. तिच्यात बाई नाही, नाच नाही, शृंगार तर औषधालाही नाही. जुन्या भेदिक शाहिराच्या लेखी घुंगराची लावणी म्हणजे करमणूक, आणि शास्त्र सांगते ती खरी. संगीतबारीतली कलावंतीण फडातल्या खड्या, म्हणजे उभ्याने नाचत गायच्या, लावणीला आरडाओरडा म्हणेल, आणि फडातला ढोलकीपटू बैठकीच्या लावणीला कोठीतले गाणे म्हणून नाक मुरडेल. बाहेरून कोणी भेसळ करायच्या आधीच असलपणाचे तीन दावेदार घरातच भांडत होते.

आणि जुने म्हणजे असल म्हणावे, तर किती जुने? पेशवाईतला तमाशा पाहिला तर तिथे बाईची भूमिका नाच्या पोऱ्या करायचा. शाहीर होनाजीच्या कवनांना गळा मिळाला तो बाळा करंजकरचा, पुरुषाचाच. तमाशाच्या फडात बाई उभी राहिली ती खूप नंतर. पवळा हिवरगावकर ही त्या पहिल्या स्त्रियांत गणली जाते. तेव्हा जुनेपण हीच कसोटी धरायची झाली, तर बाईने नाचलेली प्रत्येक लावणी नवी ठरते. पेटी तर सरळ परदेशातून आली. उलट होनाजीने रचलेली भूपाळी आज घरोघरी देवाचे गाणे म्हणून पहाटे लावली जाते, आणि ती एका लावणीकाराची आहे हे अनेकांना सांगावे लागते. लावणीकाराचे सोवळे गाणे आपण लावणीच्या खात्यातून काढून घेतले आणि मग उरलेल्या खात्याकडे बोट दाखवून ते ओवळे आहे असे म्हणत राहिलो. हा हिशेब मला कधीच सरळ वाटलेला नाही.

पवळेबरोबर नाव येते ते पठ्ठे बापूरावांचे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६ चा, गाव रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. आज हा तालुका सांगली जिल्ह्यात येतो, पण १९४९ पर्यंत तो साताऱ्याचाच भाग होता. कुलकर्ण्याचा मुलगा महारामांगांच्या फडात गेला, तिथेच राहिला, पवळेबरोबर त्याने तमाशा गाजवला आणि त्यापायी जात गमावली. दोन लाख लावण्या रचल्याचा दावा बापूरावांनी स्वतःच्याच कवनात केला आहे. आकडा शाहिरी आहे, तो मोजत बसू नये. पण गण-गौळण, लावणी, वग यांचा फडांनी पुढे गिरवलेला साचा घडवण्यात त्यांचा मोठा हात आहे, हे खरे. आज 'पारंपरिक' म्हणून जे जपले जाते त्यातले पुष्कळ या एका बंडखोराच्या लेखणीतून उतरले. १९४५ च्या डिसेंबरात पुण्यात ते हलाखीत वारले.

बापूरावांना त्यांच्या काळात विरोध झाला तो केवळ सनातन्यांकडून नव्हे. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेतले नाही, अशी हकिकत सांगितली जाते. दलित समाजातल्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, असे त्यामागचे कारण. इथे वाद लावणी असल की नकली हा नाहीच. असल असली तरी ती कोणाच्या पायांतल्या चाळांवर उभी आहे, हा आहे. लावणीच्या शुद्धतेवर लिहिणारे हा प्रश्न बहुधा टाळतात.

सत्यशोधकांनी त्यावर आपल्या परीने तोड काढली. ही चळवळ उभी करणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, सातारा जिल्ह्यातच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी गावेच्या गावे ढवळून काढली. जलशाचा सांगाडा तमाशाचाच होता. फक्त गणात गणपतीऐवजी निर्मिकाची आठवण, शृंगाराला रजा, नाचणारी बाई नाही, आणि सोंगाड्याच्या तोंडी भटजी-सावकाराची फजिती. जलसेवाले स्वतः म्हणत, हा तमाशा नव्हे. पाहणारे मात्र तमाशा पाहायलाच येत आणि जाताना विचार घेऊन जात. पुढे वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी, म्हणजे त्याच वाळवा तालुक्यातल्या मातंग समाजाच्या शाहिराने, हेच काम जास्त धारदारपणे केले. त्यांनी गणात मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले आणि गौळणीला फाटा दिला. छक्कड हा लावणीतला हलकाफुलका शृंगारी प्रकार. तो घेऊन त्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना' लिहिली. गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहातून ती थेट मुंबईच्या, बेळगाव-कारवारच्या प्रश्नावर जाते. ती लावणी नाही असे म्हणायचे धाडस फडातल्या माणसाला होणार नाही. चाल, ठेका, विरह, सगळे जिथल्या तिथे आहे.

याच सुमारास सरकारही निवाड्याला बसले. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या आसपास, बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. फडांची उपासमार सुरू झाली, कलावंतांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधार समिती बसली. अखेर परवानगी मिळाली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. वग हा मुळात तोंडी घडणारा प्रकार. आज एक संवाद, उद्या दुसरा, समोर कोण बसला आहे ते पाहून सोंगाड्या ऐनवेळी जोडणार. तो कागदावर लिहून मंजूर करून आणायचा म्हणजे त्याची नांगीच काढायची. सरकारने अश्लीलता काढायला घेतली आणि हजरजबाबीपणावर घाव घातला, असे माझे मत आहे. या घडामोडींत 'लोकनाट्य' हा शब्द रुजला. फडांनी पाट्या बदलल्या, आणि आजही अनेक फडांच्या ट्रकवर 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे जोडनावच रंगवलेले दिसते. शहरातल्या सुशिक्षितांनी नाट्यगृहात केले ते लोकनाट्य, गावात कनातीत होतो तो तमाशा, अशी वाटणी मात्र झालीच. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे या दोन्ही जगांत वावरले. त्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ने लावणी, गोंधळ, वासुदेव यांना नाट्यगृहाच्या खुर्चीपर्यंत आणले. ते करताना वेळ दोन-तीन तासांवर आली, कडा घासून गुळगुळीत झाल्या. तरीही त्या कार्यक्रमावाचून ही गाणी शहरातल्या दोन पिढ्यांच्या कानांवर पडलीच नसती.

सिनेमाची गोष्ट याहून गमतीची आहे. १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यातले 'बुगडी माझी सांडली ग' ज्यांनी लिहिले ते ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. गाणाऱ्या आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा. गाण्यातली बाई निघालेली असते साताऱ्याला. संगीतकार वसंत पवार. याहून अस्सल दाखला कोणता हवा? तरी फडातली जुनी माणसे तिला 'सिनेमाची लावणी' म्हणत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत गाणे संपले पाहिजे, म्हणजे एका ओळीवर दहा अदा दाखवायला जागाच नाही. ढोलकीमागे व्हायोलिनचा ताफा आला. गाणारी एक, पडद्यावर नाचणारी दुसरी. १९७२ च्या 'पिंजरा'ला संगीत देणारे राम कदम मिरजेचे. त्यांच्या ढोलकीच्या ठेक्यात फडाचा वास आहे, पण वाटणी तीच: गळा उषा मंगेशकरांचा, पाय संध्याबाईंचे.

पुढे काय झाले? जत्रेतला प्रेक्षक फडाकडेच सिनेमातल्या लावण्या मागू लागला. फडांनी त्या उचलल्या, आपल्या ढोलकीवर बसवल्या, लांबवल्या, मध्ये शेरोशायरी घातली. सिनेमाने फडाकडून नेलेले फडाने सिनेमाकडून परत घेतले, आणि आता पन्नाशीतला माणूस 'बुगडी'लाच जुनी, खरी लावणी म्हणतो.

असा वाद आपल्याकडेच होतो असे समजू नये. अमेरिकेत 'कंट्री' नावाचे गावाकडचे गाणे आहे आणि ते नक्की कशाला म्हणायचे यावरून तिथे शंभर वर्षे हमरीतुमरी चालली आहे. त्याची मुळे पाहिली तर बँजो आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला, स्टील गिटार हवाई बेटांवरची. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांच्या गाण्याचे एक खाते केले, डोंगराळ भागातल्या गोऱ्यांच्या गाण्याचे दुसरे. गाणी एकमेकांत मिसळलेली होती, खाती मात्र वेगळी राहिली. १९५० च्या दशकात नॅशव्हिल शहरातल्या निर्मात्यांनी शहरी गिऱ्हाईक मिळवण्यासाठी गावरान फिडल मागे सारले आणि मुलायम व्हायोलिनचा ताफा आणला. वाद्य तेच, वाजवायची रीत निराळी! १९७५ च्या कंट्री संगीताच्या पुरस्कार सोहळ्यात चार्ली रिच या गायकाने विजेता म्हणून जॉन डेन्व्हरचे नाव असलेली चिठ्ठी मंचावरच लायटरने पेटवली. हा कंट्रीवाल्यांनी शहरी पॉपवाल्याला दाखवलेला इंगा, असाच अर्थ बहुतेकांनी लावला. गंमत अशी की चार्ली रिचची स्वतःची गाजलेली गाणी त्या मुलायम थाटातलीच होती. २०१९ मध्ये लिल नास एक्स या काळ्या तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डच्या कंट्री यादीतून काढून टाकले गेले. २०२५ मध्ये बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले, आणि काही महिन्यांतच ग्रॅमीवाल्यांनी त्या पुरस्काराचे 'पारंपरिक' आणि 'समकालीन' असे दोन भाग केले. तिथे रंग आणि इथे जात. असलपणाची चर्चा कोठेही खणून पाहिली की खाली असे काहीतरी लागतेच.

पुन्हा आपल्या मुलखात येऊ. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ काळू-बाळू म्हणून गाजले. 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांची ही नावे त्यांना जन्मभर चिकटली. त्यांच्या फडाला लोक यायचे ते विनोदासाठी. लावणीवर नव्हे, बतावणीवर आणि वगावर त्यांनी अनेक वर्षे मैदाने भरवली. तमाशा म्हणजे बाईचा नाच, असे मानणाऱ्याने एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे. कऱ्हाडजवळच्या करवडीच्या मंगला बनसोडे, म्हणजे विठाबाई नारायणगावकरांच्या कन्या, यांचा फड ट्रक, जनरेटर, मोठा मंच, रंगीत दिवे असा सगळा लवाजमा घेऊन फिरत आला. त्यात सिनेमातली गाणीही होतात आणि वगही होतो. जुन्या जाणकाराला ते दिवे खटकतात. पण एका फडावर कित्येक कुटुंबांची चूल अवलंबून असते आणि हंगाम जत्रांपुरता असतो, हे माहीत असले की दिव्यांवर राग धरवत नाही.

आता मैदानात डॉल्बी आहे. रेकॉर्ड केलेले गाणे मोठ्याने लावायचे आणि मंचावर नाचायचे, असे कार्यक्रम जत्रेत, वाढदिवसाला, उद्घाटनाला होतात. नर्तिका गौतमी पाटील यांच्या अशा कार्यक्रमांवरून २०२२ च्या सुमारास मोठे वादळ उठले. ही लावणी नव्हे, असे ज्येष्ठ लावणी कलावंतांनी जाहीरपणे सांगितले, हावभावांबद्दल टीका झाली, गौतमी यांनी माफीही मागितली, आणि गर्दी वाढतच गेली. टीका करणाऱ्यांत दोन तऱ्हा होत्या. काहींचा आक्षेप हावभावांना होता. तो मला लंगडा वाटतो, कारण १९४८ च्या बंदीमागे हेच कारण होते आणि तेव्हा ते आज 'अस्सल' म्हणवणाऱ्या फडांवर उगारले गेले होते. दुसरा आक्षेप कलेचा होता, आणि तो मला पटतो.

लावणीत गळा, ढोलकी आणि अदा ही तीन माणसे एकमेकांशी बोलत असतात. बाईने ओळ अर्ध्यात तोडली तर ढोलकी थांबते. ढोलकीने तोडा टाकला तर पाय त्याला जबाब देतात. समोरच्या रसिकाने दाद दिली तर तीच ओळ पुन्हा, वेगळ्या नजरेने येते. काल झाले ते आज तसेच होत नाही. बैठकीच्या लावणीत हे आहे, खड्या लावणीत आहे, कलगी-तुऱ्यात तर सवाल-जवाबाखेरीज दुसरे काही नाहीच, आणि अण्णाभाऊंच्या छक्कडीतही आहे. हा जबाब जिथे ऐनवेळी मिळतो त्याला मी लावणी म्हणतो, मग वाद्य परदेशी असो की मंचावर शंभर दिवे असोत. ध्वनिमुद्रित गाण्याला पाय कितीही चपळाईने जबाब देवोत, गाणे काही त्यांचे ऐकत नाही. तो नाच आहे, चांगलाही असू शकतो, पण त्याला नाचच म्हणावे. या न्यायाने सिनेमातली लावणी काठावर बसते. तबकडीवर ती लावणीचे गाणे आहे, आणि फडाने उचलून ढोलकीवर बसवली की लावणी होते. सुलोचनाबाई आणि यमुनाबाई यांत निवड करायचीच झाली तर मी वाईला जाईन. सुलोचनाबाईंचा गळा कितीही आवडला तरी.

अकलूजला १९९३ पासून लावणी स्पर्धा सुरू झाली आणि पारंपरिक लावणीला बक्षिसाबरोबर मान मिळाला, संगीतबारीतल्या मुली जुन्या रचना पुन्हा शिकू लागल्या. स्पर्धांचा उपयोग आहे. पण रोजचा निवाडा स्पर्धेत होत नाही, तो सुपारी देताना होतो. फडवाल्यांची जुनी तक्रार अशी की जत्रेची कमिटी आधीच बजावते: गण-गौळण नको, वग नको, थेट गाणी सुरू करा. मग ढोलकीवाला नुसता मंचावर बसून राहतो, सोंगाड्याचे काम सुटते, त्याचा मुलगा दुसरा धंदा बघतो. वाचक सातारा-सांगलीकडचा असेल आणि गावच्या यात्रा कमिटीत त्याच्या शब्दाला वजन असेल, तर यंदा सुपारी देताना एवढी एकच अट घालावी: गणापासून सुरुवात करा, आणि वग पुरा होईपर्यंत कनात उतरवू नका.